पकड झाली, पण कोणी केली?

मराठी वर्तमानपत्रातले कबड्डीचे वृत्त वाचताना त्यातल्या क्रियापदांकडे लक्ष दिले, तर एक गोष्ट लवकरच ध्यानात येते. चढाई करणारा खेळाडू वाक्याचा कर्ता असतो. तो चढाई करतो, गडी टिपतो, बोनस मिळवतो, निसटतो, मध्यरेषा गाठतो. पकड मात्र 'होते'. 'अमक्याची पकड झाली' या वाक्यात षष्ठी विभक्ती ज्याला लागते तो पकड करणारा नसून पकडला गेलेला खेळाडू असतो. म्हणजे स्वतःच्या कृतीवरची मालकीसुद्धा वाक्यात बचावपटूच्या वाट्याला येत नाही. त्याचे नाव येते ते वृत्ताच्या शेवटच्या परिच्छेदात, आणि तेही ठरलेल्या शब्दांत: अमक्याने पकडीत त्याला 'मोलाची साथ दिली'. साथ तबल्याची असते, पेटीची असते. गायक कोण, हे साथीचा उल्लेख होण्याआधीच ठरलेले असते.

'बचाव' हा शब्दही फारसा उमदा नाही. बचाव आरोपीचा असतो, चुकलेल्या माणसाचा असतो. 'आपल्या बचावात त्याने सांगितले' असे आपण म्हणतो तेव्हा सांगणाऱ्यावर आपला पुरता विश्वास नसतो. याउलट 'पकड' हा शब्द समीक्षेने केव्हाच उचललेला आहे. लेखकाची विषयावर पकड असते, कादंबरीची वाचकावर पकड असते, आणि ती सैल झाली की समीक्षक हळहळतो. ज्या भाषेत पकड ही लेखनाच्या गुणवत्तेची एक कसोटी मानली जाते, त्याच भाषेला पकड करणाऱ्या माणसाची कारकीर्द सांगता येऊ नये, ही विसंगती मला केवळ क्रीडावृत्तापुरती मर्यादित वाटत नाही. ती आपल्या कथनाच्या सवयींची आहे, आणि म्हणूनच साहित्याच्या विद्यार्थ्यांनी तिच्याकडे पाहावे असे वाटते.

बचावपटूचे काम नेमके काय, हे आधी पाहू. पुरुषांच्या कबड्डीत एका संघाच्या वाट्याला येणारी जमीन साडेसहा मीटर खोल आणि दहा मीटर रुंद. एवढ्या जागेत सात जण उभे, आणि समोरून एकटा माणूस दम धरून आत येतो. त्याला तीस सेकंद मिळतात. गडी शिवायचा नसेल तर मध्यरेषेपासून पावणेचार मीटरवरची निदान रेषा ओलांडून परत जायचे, एवढे त्याच्यावर बंधन. कोपऱ्यात उभा असलेला खेळाडू या तीस सेकंदांत बहुधा काहीच करत नाही. तो चढाईपटूच्या पायांकडे पाहत असतो. वजन कोणत्या पावलावर आहे, बोनस रेषेकडे कोणता पाय टाकला जाईल, वळताना टाच कोणत्या बाजूला फिरेल, हे वाचत असतो. 'वाचत असतो' हा शब्द मी अलंकार म्हणून वापरलेला नाही. त्याच्यापुढे एक मजकूर उलगडतो आहे आणि त्यातला एकच शब्द त्याला धरायचा आहे. घोटा पकडायला गेलेला हात क्षणभर लवकर पडला, तर गुण समोरच्याला. उशीर झाला, तरीही समोरच्याला. म्हणून तो पुष्कळदा हात टाकतच नाही. चढाईपटू परत जातो, आणि वृत्तात आपण लिहितो की 'चढाई निष्फळ ठरली'. जणू ती आपोआप निष्फळ झाली.

बचावपटूची कारकीर्द प्रामुख्याने अशा न घडलेल्या गोष्टींची बनलेली असते. ज्या कोपऱ्यात भक्कम खेळाडू उभा आहे त्या बाजूला चढाईपटू फिरकत नाही. तो दुसऱ्या कोपऱ्याकडे वळतो, तिथे पकडला जातो, आणि गुण दुसऱ्याच्या नावावर लागतो. पकडीतही साखळीने दोघे-तिघे अंगावर आलेले असतात. पहिला हात घोट्यावर पडला नसता तर बाकीच्यांना धावायला काही कारणच नव्हते, आणि बाकीचे धावले नसते तर पहिला हात झटकला गेला असता. मग ही कृती कोणाची? आपल्या कथनाला एक नायक, एक कृती आणि एक फळ लागते. इथे कृती अनेकांची आहे आणि फळ पुष्कळदा शून्य आहे. पण हे शून्य मोलाचे असते.

महाराष्ट्राचा डावा कोपरारक्षक गिरीश इर्नाक याची कारकीर्द या दृष्टीने पाहावी. एकट्या २०१८ या वर्षात तिच्यात काय काय आले! वर्षाच्या आरंभी हैदराबादला झालेल्या राष्ट्रीय स्पर्धेत महाराष्ट्राने अंतिम सामन्यात सेनादलाला ३४-२९ असे हरवून अकरा वर्षांनी विजेतेपद मिळवले. त्या संघात तो होता. ऑगस्टमध्ये जकार्ता आशियाई क्रीडा स्पर्धेच्या भारतीय संघात तो होता. त्याच वर्षीच्या प्रो कबड्डीत पुणेरी पलटणचे कर्णधारपद त्याच्याकडे होते. एखाद्या चढाईपटूच्या बाबतीत असे वर्ष आले असते तर त्यातून एक कथा सहज तयार झाली असती. उदय, शिखर, ठेच, पुन्हा उभारी. राष्ट्रीय विजेतेपदाची आठवण मात्र आपल्याकडे कर्णधार रिशांक देवाडिगाच्या नावाने राहिली. रिशांक तिचा हक्कदार होताच, त्यात वाद नाही. पण सेनादलासारख्या संघाला एकोणतीस गुणांवर थांबवणे ही कृती कोणत्या वाक्यात, कोणत्या कर्त्याच्या नावाने लिहायची, याचे उत्तर आपल्या गद्याकडे नव्हते.

जकार्ताचे उदाहरण तर अधिक बोलके आहे. १९९० च्या बीजिंग स्पर्धेपासून भारताने पुरुष कबड्डीचे सुवर्णपदक सलग सात वेळा जिंकले होते. २०१८ च्या उपान्त्य सामन्यात इराणने भारताला २७-१८ असे हरवले आणि कांस्यपदकावर समाधान मानावे लागले. या पराभवाची चर्चा आपण प्रामुख्याने 'आपले चढाईपटू अपयशी ठरले' या सूत्राभोवती केली. म्हणजे पराभवातसुद्धा कर्तेपण चढाईकडेच राहिले. इराणच्या बचावाने भारताला अठरा गुणांवर रोखले, हे वाक्य वस्तुस्थितीला अधिक धरून आहे; पण ते लिहायचे तर फझल अत्राचली आणि त्याच्या सोबत्यांना कर्ता करावे लागते. आपला गडी हरला असे म्हणणे आपल्याला जमते, त्यांच्या भिंतीने हरवले असे म्हणणे जड जाते.

यावर कोणी म्हणेल की मराठी मनाला बचावाचे वावडे कुठे आहे? बाजीप्रभू आहे, पुरंदरचा मुरारबाजी आहे. हा आक्षेप गंभीर आहे आणि त्याला उत्तर द्यायलाच हवे. १६६० ची घोडखिंड हा मराठी स्मृतीतला बचावाचा सर्वोच्च प्रसंग, यात शंका नाही. परंतु 'प्रसंग' हाच शब्द इथे महत्त्वाचा. बाजीप्रभू आपल्याला दिसतो तो एका दिवसापुरता, आणि तोफांचे आवाज ऐकून तो प्राण सोडतो म्हणून दिसतो. मुरारबाजीचेही तेच. त्याआधीची त्यांची वर्षे, रोजच्या चौक्या, न झालेल्या चकमकी आपल्या कल्पनाशक्तीला फारशा बोलावत नाहीत. राखणाऱ्याला आपण मोठे म्हणतो ते त्याच्या मृत्यूनंतर. जो राखतो आणि जगतो, पुढच्या वर्षी पुन्हा त्याच कोपऱ्यात उभा राहतो, गुडघा दुखावला तर वर्षभर बाहेर बसतो आणि परत येतो, त्याच्यासाठी आपल्याकडे पोवाड्याचा साचा चालत नाही. महाभारताने तर याहून कठोर निवाडा दिला आहे. चक्रव्यूहाची कथा आपण अभिमन्यूच्या बाजूने ऐकतो. एकटा आत शिरणारा आणि परतीची वाट बंद झालेला तो वीर म्हणजे कबड्डीतल्या चढाईचे जणू आदिरूप. पांडवांना दारात अडवून धरणारा जयद्रथ खलपुरुष ठरला. त्याची कारणे अर्थातच कथेत आहेत. पण अडवणारा खल आणि घुसणारा वीर ही विभागणी आपल्या कानात लहानपणापासून बसते, हेही खरे.

हा प्रश्न आपल्यापुरताच आहे असेही नाही. कॅनडात फुटबॉल या नावाने खेळला जाणारा खेळ आपल्या परिचयाच्या फुटबॉलहून वेगळा आहे. अमेरिकी फुटबॉलचा तो सख्खा भाऊ. बाजूला बारा खेळाडू, चेंडू हातात घेऊन धावायचे, तीन प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकायचे, आणि प्रतिपक्षाने चेंडूधारकाला धरून पाडायचे. कबड्डी माहीत असलेल्याला त्यातली झोंबाझोंबी परकी वाटू नये. तिथल्या व्यावसायिक लीगमध्ये सर्वोत्कृष्ट खेळाडूचा पुरस्कार १९५३ पासून दिला जातो. निव्वळ बचावातल्या खेळाडूला तो पहिल्यांदा मिळाला २०१४ मध्ये. मानकरी होता ब्रिटिश कोलंबिया लायन्सचा सॉलोमन एलिमिमियन. त्या मोसमात त्याने १४३ पकडी केल्या, तो त्या वेळचा विक्रम होता. पुढे २०१७ मध्ये १४४ पकडी करून त्याने तो स्वतःच मोडला. २०१० मध्ये तो या लीगमध्ये आला तेव्हा सर्वोत्कृष्ट नवोदित ठरला होता. म्हणजे त्याची गुणवत्ता कोणाला दिसली नव्हती असे नाही. तरीही बचावपटूला खेळातला सर्वोच्च मान मिळायला सहा दशके लागली, आणि तो मिळाला तेव्हा एका आकड्याचा आधार लागला.

आकड्याने काम भागते का? आपल्याकडे प्रो कबड्डीने २०१४ पासून आकड्यांची रेलचेल केली. पण त्यांची मांडणीच पाहा. चढाईपटूने सामन्यात दहा गुण मिळवले की 'सुपर टेन', बचावपटूने पाच मिळवले की 'हाय फाइव्ह'. अर्धे गुण म्हणजे बरोबरीचा पराक्रम, हे नियमावलीनेच गृहीत धरले आहे, आणि त्याला कारणही आहे: एका चढाईत अनेक गडी टिपता येतात, पकडीला गुण मात्र एक, मैदानात तीन किंवा त्याहून कमी गडी उरलेले असताना केलेली अव्वल पकडच काय ती दोन गुण देते. प्रदीप नरवालचे चढाईचे गुण अठराशेच्या पुढे गेले, तर पकडीत सगळ्यांच्या पुढे असणाऱ्या फझलचे गुण पाचशेच्या घरात. हे दोन आकडे शेजारी छापले की सामान्य वाचकाच्या मनात काय निष्कर्ष निघेल, ते सांगायला नको.

शिवाय आकड्यात आणखी एक खोट आहे. कॅनडाच्या खेळात चेंडूधारक नऊ यार्ड पुढे गेल्यावर त्याला पाडले तरी ती पकडच. दुबळ्या बचावफळीतल्या खेळाडूच्या नावावर त्यामुळे पकडींचा ढीग लागू शकतो. कबड्डीत उलटे होते. ज्याचा धाक बसला त्याच्या वाट्याला पकडी कमी येतात. म्हणजे आकडा एकीकडे अपयशाला यश म्हणतो आणि दुसरीकडे यशाची नोंदच घेत नाही. एलिमिमियनचे १४३ हा आकडा त्या पुरस्कारासाठी पुरेसा ठरला असेल; त्याची कारकीर्द समजण्यासाठी पुरेसा नाही. तिथे गद्यच लागते. आणि हे गद्य लिहिण्याची जबाबदारी कोणाची, असा प्रश्न विचारला तर केवळ क्रीडापत्रकाराकडे बोट दाखवून चालणार नाही. वि. वि. करमरकरांनी महाराष्ट्र टाइम्समधून देशी खेळांना पानावर हक्काची जागा मिळवून दिली, मराठी क्रीडापत्रकारितेला स्वतःचा आवाज दिला. त्या जागेत कोणत्या प्रकारचे कथन लिहायचे, हे काम पुढच्यांचे होते. ते फारसे झाले नाही.

गंमत अशी की बोलीने हे काम केलेले आहे. हे लिहितो आहे ते नेवासे तालुक्यातल्या सोनईत. उसाचा आणि साखर कारखान्याचा हा पट्टा. शेजारच्या श्रीरामपूर तालुक्यातल्या टाकळीभानचा अस्लम इनामदार पुणेरी पलटणचा कर्णधार झाला तेव्हापासून इथल्या पोरांच्या बोलण्यात कबड्डी अधिकच आली आहे. गावोगावच्या स्पर्धांत ध्वनिक्षेपकावर बोलणारा निवेदक ऐकावा. तो नुसते 'पकड झाली' म्हणून थांबत नाही. घोट्याला कोणी हात घातला, पटात कोणी घेतले, वरून कोण पडले, हे तो एका दमात सांगतो आणि प्रत्येकाचे नाव घेतो, बहुतेक वेळा गावाच्या आणि वडिलांच्या नावासकट. बक्षिसांतही उत्कृष्ट चढाई आणि उत्कृष्ट पकड अशी दोन स्वतंत्र पारितोषिके ठेवण्याची रीत महाराष्ट्रभर आहे; पकडीचे बक्षीस कोणी उत्तेजनार्थ मानत नाही. म्हणजे गावाने कर्ता ओळखला होता. तो हरवला तो बोलीकडून लेखी भाषेकडे येताना. प्रमाण मराठीतली वाक्ये जितकी नीटनेटकी, तितका त्यांत एका कर्त्याचा आग्रह अधिक. निवेदकाच्या वाक्यात तीन कर्ते सुखाने नांदतात.

बाजारानेही कर्ता ओळखला, तोही आपल्या आधी. २०१८ च्या लिलावात यू मुम्बाने फझल अत्राचलीसाठी एक कोटी रुपये मोजले. २०२३ मध्ये पुणेरी पलटणने इराणच्याच मोहम्मदरेझा शादलुईला २ कोटी ३५ लाखांना घेतले. त्या लिलावात त्याच्यापुढे फक्त पवन सेहरावत होता. तेव्हा बचावपटू उपेक्षित, बिचारा, पडद्यामागचा कलावंत वगैरे गहिवर आता काढण्याचे कारण नाही. तो गहिवरही एक प्रकारे टाळाटाळच असते. उपेक्षित म्हटले की वर्णन करण्याची जबाबदारी संपते. खरी अडचण दयेची नसून वर्णनाची आहे. ज्याची किंमत पैशात सांगता येते पण वाक्यात सांगता येत नाही, अशा माणसाविषयी समाज फार काळ योग्य बोलू शकत नाही. लिलावातला आकडा उतरला की त्याच्याविषयी बोलण्यासारखे काही उरत नाही. खेड्यातल्या ज्या मुलाला कोपरारक्षक व्हायचे आहे, त्याने आदर्श म्हणून वाचावे असे काय आहे? रिशांकची 'बोनस'ची कला, प्रदीपची 'डुबकी' यांना निदान नावे तरी मिळाली. कोपऱ्यातल्या संयमाला नाव नाही.

इथून जवळच नेवासे आहे. मराठी साहित्याच्या विद्यार्थ्याला नेवाशाचा खांब सांगायला नको. ज्ञानेश्वरांनी ज्याला टेकून भावार्थदीपिका सांगितली अशी श्रद्धा आहे, तो 'पैस'. दुर्गा भागवतांनी त्याच्यावर ललितनिबंध लिहिला, संग्रहाला तेच नाव दिले आणि १९७१ चा साहित्य अकादमी पुरस्कार त्या पुस्तकाला मिळाला. त्या खांबाने काय केले? तो उभा राहिला. उभे राहण्याविषयी लिहिता येते, हे मराठीत सिद्ध झालेले आहे. अट एवढीच की लिहिणाऱ्याने घटनेची वाट पाहत बसू नये. (खांब आणि कोपरारक्षक यांची तुलना कोणाला अगोचर वाटली तर त्याने एकदा चढाईपटूच्या बाजूने कोपऱ्याकडे पाहावे.)

कसे लिहावे याचे एक उदाहरण हाताशी आहे. १ मार्च २०२४ रोजी हैदराबादला प्रो कबड्डीच्या दहाव्या मोसमाचा अंतिम सामना झाला. पुणेरी पलटणने हरियाणा स्टीलर्सला २८-२५ असे हरवून पहिले विजेतेपद मिळवले. मोसमातला सर्वोत्तम खेळाडू अस्लम ठरला, सर्वोत्तम बचावपटू शादलुई. सामना कसा फिरला हे विचारले तर कोणीही पंकज मोहितेची चार गुणांची चढाई सांगेल. ती सांगावीच, ती सांगायला सोपी आहे आणि सुंदरही आहे. पण चाळीस मिनिटांत हरियाणाला फक्त पंचवीस गुण मिळाले, हेही त्याच सामन्यात घडले. ते सांगायचे तर डाव्या बाजूपासून सुरुवात करावी लागेल. कोपऱ्यात शादलुई, त्याच्या शेजारी महाराष्ट्राचा डावा मध्यरक्षक संकेत सावंत. शादलुई धाडस करतो, चढाईपटू त्याच्यापासून आत सरकतो, आणि आत संकेत असतो. संकेतने पाऊल पुढे टाकले तर पकड, नाही टाकले तर निष्फळ चढाई. दोन्ही वेळा वाक्याचा कर्ता तोच आहे. सामन्याचे चित्रीकरण उपलब्ध आहे. वर्गात दाखवावे, आणि विद्यार्थ्यांना सांगावे की चेहरे न पाहता फक्त डाव्या बाजूचे चार पाय पाहून एक पान लिहा. अट एकच, त्या पानात 'पकड झाली' हे वाक्य येता कामा नये.